मेंदूला रंग का लागला नाही? पॉल एर्लिख यांची गोष्ट आणि विषाणूविना जीन थेरपी



मागच्या महिन्यात माझ्या चुलत बहिणीने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक पाठवली. बातमी अशी होती की विषाणू न वापरता, चरबीच्या बारीक कणांतून मेंदूपर्यंत जनुक पोहोचवण्यात शास्त्रज्ञांना उंदरांमध्ये यश आलं आहे. खाली तिने एवढंच विचारलं होतं की दादा, हे आपल्याकडे कधी येणार. तिचा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला ड्रावे सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मतःच एका जनुकात बिघाड असल्यामुळे येणाऱ्या फिट्सचा आजार. साधा ताप आला तरी घरात सगळ्यांची झोप उडते.

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. आधी नीट वाचायला बसलो. वाचता वाचता ज्या माणसापाशी पोहोचलो तो ११० वर्षांपूर्वी वारला. त्याला जनुक हा प्रकार आज आपण समजतो तसा माहीतही नव्हता. पण मेंदूपर्यंत औषध नेताना आडवी येणारी भिंत पहिल्यांदा त्याच्या टेबलावर दिसली, आणि गंमत म्हणजे तिचा अर्थ त्याने चुकीचा लावला. त्याचं नाव पॉल एर्लिख. आज त्याचीच गोष्ट सांगतो, मधे मधे आजच्या तंत्राकडेही येऊ.

पॉलचा जन्म १४ मार्च १८५४ ला श्ट्रेलेन नावाच्या गावात झाला. तेव्हा तो भाग प्रशियात होता, आज पोलंडमध्ये आहे. घर ज्यू, वडिलांचा खानावळीचा आणि मद्य गाळण्याचा व्यवसाय. पोरगा शाळेत फार चमकला वगैरे नाही. पण आईच्या नात्यातला कार्ल वायगर्ट नावाचा मोठा भाऊ डॉक्टर होता, आणि शरीराचे पातळ काप रंगवून ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पॉलला तिथे जे वेड लागलं ते शेवटपर्यंत गेलं नाही.

हे रंग कुठून आले? त्या काळात जर्मनीत डांबरापासून कृत्रिम रंग बनवायचे कारखाने जोरात होते. कपडे रंगवायला निघालेले शेकडो रंग बाजारात होते. एर्लिखनी ते कपड्यांऐवजी पेशींवर लावून बघितले. कुठला रंग कुठल्या पेशीला धरतो, कुठल्या पेशीला सोडून देतो, हाच त्यांचा नाद. १८७८ मध्ये लाइपझिग विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध दिला तोही याच विषयावर. अ‍ॅलर्जीत ज्या मास्ट पेशींचं नाव आपण ऐकतो त्या त्यांनी याच रंगकामातून ओळखल्या. पांढऱ्या रक्तपेशींचे प्रकार रंगांवरून वेगळे करायची पद्धतही त्यांचीच. आज लॅबमध्ये सीबीसी करून रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल, इओसिनोफिल असे आकडे येतात ना, त्याचं मूळ इथे आहे.

हा नाद समजायला घरातलं उदाहरण घ्या. हळदीचा डाग पांढऱ्या शर्टावर बसला की जात नाही, पण स्टीलच्या ताटावरून तो एका हातात पुसला जातो. म्हणजे हळदीला कापूस धरून ठेवतो, स्टील धरत नाही. एर्लिख यांचं म्हणणं होतं की शरीरातही असंच आहे. एखादा पदार्थ जिथे धरला जातो तिथेच तो काम करतो. हा विचार लक्षात ठेवा. त्यांचं मोठेपण यातच आहे आणि त्यांची चूकही यातूनच झाली.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात काम करताना ते जिवंत प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून बघायचे. १८८५ मध्ये त्यांनी शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनवर एक पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात ही निरीक्षणं आहेत. रक्तात रंग सोडला की काही वेळाने यकृत रंगतं, मूत्रपिंड रंगतं, स्नायू रंगतात. मेंदू मात्र कोराच. इतके बाकीचे अवयव रंगलेले आणि कवटी उघडल्यावर आत पांढरट मेंदू.

आज शाळेतलं पोरगंही सांगेल की मधे काहीतरी आडवं आलं असणार. पण एर्लिखनी हळदीचा हिशोब लावला. त्यांच्या मते मेंदू या रंगांना धरतच नव्हता, स्टीलच्या ताटासारखा. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांच्याकडे कारण होतं. मिथिलीन ब्लूसारखे काही रंग त्यांनी सोडले तेव्हा चेतातंतू आणि मेंदूचे भाग चक्क रंगले होते. भिंत असती तर हे रंग आत कसे गेले असते? म्हणजे फरक रंगाच्या रसायनात असणार, असं त्यांना वाटलं. आज आपल्याला माहीत आहे की काही छोटे, तेलात विरघळणारे रेणू ही भिंत ओलांडू शकतात, आणि रक्तातल्या प्रथिनाला चिकटून बसणारे रंग ओलांडू शकत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. फक्त त्या काळी ते दिसायला साधन नव्हतं.

मधल्या वर्षांवरून जरा पटकन जातो. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, त्या सभेत एर्लिख हजर होते. त्यांनी तो जंतू रंगवायची जास्त चांगली रीत काढली. पुढे त्यांना स्वतःलाच क्षय झाला, आणि निदान त्यांनी आपल्याच थुंकीत जंतू बघून केलं. १८८८ मध्ये ते पत्नी हेडविगसोबत इजिप्तला गेले, हवापालटाने बरे होऊन परत आले. नंतर कॉख यांच्या संस्थेत घटसर्पावरच्या सीरमचं काम. ते सीरम किती ताकदीचं आहे हे मोजायची पक्की रीत एर्लिखनी बसवली, त्यामुळेच ते भरवशाने वापरता आलं. सहकारी बेहरिंग यांना १९०१ चं नोबेल मिळालं. औषधाच्या पैशांवरून दोघांचं फाटलं. एर्लिख यांना १९०८ मध्ये नोबेल मिळालं, मेचनिकॉफ यांच्यासोबत विभागून.

नोबेलमागचा विचार आपल्या कामाचा आहे. त्यांनी मांडलं की पेशीच्या अंगावर छोटे छोटे हात असतात आणि प्रत्येक हात ठराविक पदार्थच पकडतो. अन्नाचे कण असेच पकडले जातात, आणि विषही अशाच हातांना चिकटतं. आज आपण या हातांना रिसेप्टर म्हणतो. यातूनच त्यांची पुढची कल्पना निघाली: असं औषध बनवायचं जे फक्त जंतूला धरेल आणि रुग्णाला सोडून देईल. जर्मन लोककथांमध्ये निशाण कधीच न चुकणारी जादूची गोळी असते, तिचं नाव त्यांनी या कल्पनेला दिलं. मराठीत बंदुकीची गोळी आणि औषधाची गोळी एकच शब्द, त्यामुळे आपल्याला हे नाव आयतंच बसतं.

माणूस कसा होता? दिवसाला पंचवीसेक सिगार ओढणारा, सिगारचा डबा काखेत घेऊन फिरणारा. जेवणाकडे लक्ष नाही. सुचलं की शर्टाच्या कफवर सूत्रं लिहायची. रोज सकाळी सहकाऱ्यांना रंगीत कागदांवर कामाच्या चिठ्ठ्या, आणि त्यात लिहिलंय तसंच झालं पाहिजे. अशा साहेबाच्या हाताखाली मला काही जमलं नसतं, खरं सांगतो.

१८९९ पासून ते फ्रँकफर्टला होते. १९०६ मध्ये फ्रान्झिस्का श्पायर या श्रीमंत विधवेच्या देणगीतून त्यांच्यासाठी एक वेगळी संस्था उभी राहिली. तिथे सिफिलिसवर काम सुरू झालं. आर्सेनिकची एकामागून एक संयुगं बनवायची, प्राण्यांवर तपासायची, टाकायची, पुढचं घ्यायचं. ६०६ क्रमांकाचं संयुग १९०७ मध्येच बनलं होतं, पण आधीच्या तपासणीत निरुपयोगी ठरून बाजूला पडलं. १९०९ मध्ये जपानहून साहाचिरो हाता आले. त्यांनी सिफिलिस झालेल्या सशांवर सगळी संयुगं पुन्हा तपासली आणि ६०६ ने काम केलं. एप्रिल १९१० मध्ये वीसबाडेनच्या वैद्यक परिषदेत हे जाहीर झालं. हेक्स्ट कंपनीने ते साल्वरसान नावाने बाजारात आणलं. त्याआधी एर्लिखनी जगभरच्या डॉक्टरांना सुमारे ६५,००० डोस फुकट वाटले होते, वापरून कसं वाटतं ते कळवा म्हणून. आज अ‍ॅपचं बीटा टेस्टिंग करतात तसंच, पण इथे पणाला माणसं होती.

आणि इथे ती भिंत पुन्हा आडवी आली.

साल्वरसान अंगावरच्या जखमा भरून आणायचं, शरीरातले जंतू मारायचं. पण सिफिलिस मेंदूत शिरलेल्या रुग्णांची अवस्था फारशी सुधरत नव्हती. वेड लागलेले, हातपाय लुळे पडलेले हे लोक युरोपातली मनोरुग्णालयं भरून होते. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा मृत रुग्णांच्या मेंदूत जंतू दाखवून दिले. म्हणजे शत्रू तिथेच होता, गोळीही होती, पण ती पोहोचतच नव्हती. न्यूयॉर्कच्या स्विफ्ट आणि एलिस या डॉक्टरांनी १९१२ मध्ये एक युक्ती केली. रुग्णाला साल्वरसान शिरेतून द्यायचं, थोड्या वेळाने त्याचंच रक्त काढून सीरम वेगळं करायचं, आणि ते सीरम पाठीच्या कण्यात सुईने सोडायचं. काही रुग्णांना फायदा झाल्याचं त्यांनी नोंदवलं, पण हा उपाय अवघड होता आणि पुरा पडला नाही.

त्याच सुमारास एडविन गोल्डमान यांनी रंगांचा निकाल लावला. हे फ्रायबुर्गचे सर्जन, एर्लिख यांच्याच रंगांच्या परंपरेत काम करणारे. त्यांनी ट्रायपॅन ब्लू हा निळा रंग वापरला. शिरेतून सोडला तर सगळं शरीर निळं, मेंदू कोरा. हे एर्लिख यांनी बघितलं होतंच. मग १९१३ मध्ये त्यांनी उलटं केलं. तोच रंग मेंदू आणि कण्याभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू निळा, आणि बाकी शरीर कोरं!

मला हा प्रयोग भयंकर आवडतो. मेंदू रंगाला धरतो हे यातून सरळ दिसलं. स्टीलच्या ताटाची गोष्ट संपली. रंग मेंदूपर्यंत पोहोचतच नव्हता, मधे काहीतरी उभं होतं. गोल्डमान त्याच वर्षी कॅन्सरने वारले.

ते काहीतरी म्हणजे नक्की काय, हे दिसायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यावा लागला. १९६७ मध्ये रीस आणि कार्नोव्हस्की यांनी उंदरांत दाखवलं की मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की मधून प्रथिनाचा रेणूही जात नाही. शरीरात इतर बऱ्याच ठिकाणी या पेशींच्या मधे फटी असतात. मेंदूत नाहीत. माणसाच्या मेंदूतल्या या वाहिन्यांची एकूण लांबी सुमारे ६०० किलोमीटर धरतात, म्हणजे साधारण मुंबईहून नांदेड. एवढी सगळी लांबी शिवलेली. जे आत जातं ते बहुतेक करून या पेशींच्या परवानगीने, त्यांच्या रिसेप्टरला धरून.

आता बहिणीच्या लिंककडे येतो.

जीन थेरपीत बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत पेशीत पोहोचवायची असते. त्यासाठी सगळ्यात जास्त वापरतात तो एएव्ही नावाचा निरुपद्रवी विषाणू. त्याचे काही प्रकार लहान बाळांत रक्तातून मेंदू-कण्यापर्यंत जातात, एसएमए या आजारावरचं झोल्गेन्स्मा असंच चालतं. पण एएव्हीची पिशवी लहान आहे. तिच्यात सुमारे ४,७०० अक्षरांचा डीएनए मावतो. माझ्या भाच्याचं जे जनुक बिघडलंय, एससीएन१ए, त्याचा प्रथिन बनवणारा मजकूरच ६,००० अक्षरांच्या वर आहे. बसतच नाही. शिवाय एकदा दिल्यावर शरीर विषाणूविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, दुसरा डोस देता येत नाही.

म्हणून विषाणूविना वाट शोधतात. फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लसी आठवा, त्यांत एमआरएनए चरबीच्या कणांत गुंडाळलेला होता. आपल्याकडे बहुतेकांनी कोव्हिशील्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतली, त्या या प्रकारच्या नव्हेत. या कणांत मोठा मजकूर मावतो आणि विषाणूचं कवच नसल्यामुळे पुन्हा डोस देणंही शक्य होतं. मग हेच शिरेतून दिलं तर? कण रक्तात शिरले की रक्तातलं एपीओई हे प्रथिन त्यांना चिकटतं, आणि यकृत ते ओळखून ओढून घेतं. यकृताच्या आजारांसाठी हे वरदानच ठरलं, २०१८ मध्ये पॅटिसिरान हे औषध याच वाटेने मंजूर झालं. पण मेंदूत? १८८५ चं चित्र परत. यकृत रंगलेलं, मेंदू कोरा.

भिंत ओलांडायला आज ज्या वाटा चालू आहेत त्यातली एक थेट एर्लिख यांच्या हातांच्या कल्पनेवर उभी आहे. मेंदूला लोह लागतं. ते आणणाऱ्या ट्रान्सफेरिन प्रथिनाला पकडायला वाहिनीच्या पेशींवर रिसेप्टर असतात. चरबीच्या कणावर अशी अँटिबॉडी बसवायची जी हाच रिसेप्टर पकडेल. पेशीला वाटतं लोह आलं, ती कणाला आत घेऊन पलीकडे सोडते. प्राण्यांमध्ये हे जमलं आहे. दुसरी वाट अल्ट्रासाउंडची. रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडायचे आणि कवटीबाहेरून ध्वनिलहरी एका ठिकाणी रोखायच्या. बुडबुडे थरथरतात आणि तिथली शिवण काही तास सैल होते. २०१५ मध्ये टोरांटोत एका ब्रेन ट्यूमरच्या रुग्णावर हे पहिल्यांदा करून बघितलं, कॅन्सरचं औषध आत नेण्यासाठी.

पण भिंत ओलांडली म्हणजे झालं असं नाही. पेशी कणाला एका पिशवीत बंद करून आत घेते, त्यातून सुटलं नाही तर माल तिथेच जिरतो. एमआरएनए असेल तर सुटल्यावर काम सुरू, पण तो काही दिवसांत संपतो. डीएनए जास्त टिकतो, पण त्याला पेशीच्या केंद्रकात शिरावं लागतं. इतर पेशी विभागताना केंद्रकाचं आवरण उघडतं, चेतापेशी मात्र विभागतच नाहीत. दार कायमचं बंद. उंदराच्या बातमीत हे सगळं एका वाक्यात उरकलेलं असतं.

सध्या खऱ्या रुग्णांमध्ये चाललेली वाट गोल्डमान यांचीच आहे. नुसिनर्सेन हे एसएमएवरचं औषध अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालं. ते जनुकाची नवी प्रत देत नाही. न्यूक्लिइक आम्लाचा एक छोटा तुकडा दुसऱ्या जनुकाचा संदेश दुरुस्त करून घेतो. विषाणू नाही, चरबीचा कणही नाही. कमरेत सुई घालून ते कण्याभोवतीच्या पाण्यात सोडतात आणि ते वर मेंदूपर्यंत पसरतं. दर चार महिन्यांनी परत सुई. ड्रावेसाठी याच धर्तीच्या एका औषधाच्या माणसांवर चाचण्या सुरू आहेत.

एर्लिख यांची शेवटची वर्षं सुखाची नव्हती. साल्वरसानने काही रुग्ण दगावले. औषध हवेशी संपर्क आला की खराब व्हायचं, आणि ते द्यायची रीत किचकट होती, पण दोष सगळा त्यांच्यावर आला. वर्तमानपत्रांत आरोप, त्यात ज्यूद्वेषाची फोडणी. १९१४ मध्ये फ्रँकफर्टच्या कोर्टात खटला चालला, त्यांना साक्षीला उभं राहावं लागलं. आरोप करणाऱ्या पत्रकाराला शिक्षा झाली, पण म्हातारा खचला. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि ९३ जर्मन विद्वानांच्या युद्धसमर्थक जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली. हे मला खटकतं, म्हणून गाळत नाही. २० ऑगस्ट १९१५ ला बाड होम्बुर्ग इथे त्यांचं निधन झालं. वय ६१. पुढे नाझींनी फ्रँकफर्टमधल्या रस्त्यावरचं त्यांचं नाव काढून टाकलं, हेडविग यांना देश सोडावा लागला. युद्धानंतर नाव परत आलं. युरो येण्याआधी जर्मनीच्या २०० मार्कांच्या नोटेवर त्यांचा फोटो होता. लांगेनमध्ये पॉल एर्लिख इन्स्टिट्यूट आहे, जर्मनीत लसी आणि जीन थेरपीची औषधं तपासायचं काम तिथेच चालतं.

बहिणीला मी शेवटी फोनच केला. सांगितलं की लिंकमधली बातमी खोटी नाही, पण ते उंदरात झालंय आणि माणसापर्यंत यायला किती वर्षं लागतील हे मी सांगू शकत नाही. कण्यातून द्यायच्या औषधाच्या चाचणीबद्दल त्याच्या न्यूरॉलॉजिस्टना विचार, असं म्हटलं. तिने नाव लिहून घेतलं. मग तिने विचारलं की सुई दर वेळी कमरेतच का टोचायची, हातातल्या शिरेतून का नाही. मी तिला निळ्या रंगाची गोष्ट सांगितली.